इंग्रजीचीच टीचर का व्हायचंय?

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या निपाणीजवळच्या एका गावातून आलेलं पत्र थोडं आवरून देते.

‘बाई, नमस्कार. मी 23 वर्षांची आहे. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकले, मग चिकोडीला पी.यू.सी. (म्हणजे अकरावी-बारावी) आणि इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. वडील नाहीत. आई विड्या वळते, मोठा भाऊ कागलच्या एमआयडीसीत जातो. मला बी.एड. करायचंय. परवा ओळखीच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, इंग्रजीचीच टीचर का व्हायचंय? मी म्हटलं, आवड आहे. घरी आल्यावर वाटलं, हे काही पूर्ण खरं नाही. खरं म्हणजे पी.यू.सी.च्या पहिल्या आठवड्यात लेक्चररनी इंग्रजीत ओळख करून द्यायला सांगितली, मी नुसती उभी राहिले आणि वर्ग हसला, ते अजून विसरले नाही. दुसरं, आमच्या हायस्कुलात इंग्रजीच्या सरांना जेवढा मान होता तेवढा कोणालाच नव्हता. आई म्हणते, सरकारी नोकरी लागली की माझी बोटं थांबतील. भाऊ म्हणतो, बँकेच्या परीक्षेत जमलं नाही म्हणून हे सुचलंय, आणि त्यातही थोडं तथ्य आहे. शेजारचे काका मराठी शाळा टिकाव्यात म्हणून धडपडतात. ते म्हणाले, आपलीच पोरगी इंग्रजी शिकवायला निघाली तर मराठीला कोण विचारणार? यातलं माझं कारण कोणतं, तेच मला कळेना झालंय. कारणच धड नसेल तर मी टीचर कशी होऊ?’

मुली,

तू लिहिलेली कारणं सगळी खरी आहेत. ‘आवड आहे’ असं तू सांगितलंस तेही खोटं नव्हतं, अपुरं होतं, इतकंच. एकाच कारणाने शिक्षक झालेलं माणूस मला तरी भेटलेलं नाही. घरची गरज, कोणा सरांचं कौतुक, कधीतरी बसलेला चटका, हातातली डिग्री, जवळचं कॉलेज, हे सगळं मिळून माणूस त्या वाटेला लागतं. पुढे कोणी विचारलं की त्यातलं सांगायला बरं दिसेल ते सांगतं.

हा प्रश्न अभ्यासकांनीही विचारलेला आहे. ऑस्ट्रेलियात हेलन वॉट आणि पॉल रिचर्डसन यांनी शिक्षक व्हायला निघालेल्या विद्यार्थ्यांना ‘का?’ असं विचारून त्या कारणांची मोजणी केली. ते काम 2007 साली प्रसिद्ध झालं. आपल्याला शिकवता येईल असा विश्वास, शिकवण्यातली गोडी, मुलांमध्ये राहण्याची आणि समाजाच्या कामी येण्याची इच्छा, ही कारणं तिथे वर आली. ‘दुसरं काही मिळालं नाही म्हणून’ हे अगदी तळाला गेलं. आपल्या भागात तीच यादी घेऊन कोणी फिरलं तर ते कारण इतकं तळाला राहील असं मला वाटत नाही. इथे घरात पगार येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती लपवण्यासारखी मुळीच नाही.

तेव्हा कारण शुद्ध आहे की नाही हे तपासत बसू नकोस. कोणतं कारण तुला किती लांब नेईल, ते बघ.

आईचं कारण आधी घेऊ. हजार विड्यांमागे मजुरी, त्यातून नापास झालेल्या विड्या वजा, मान आणि बोटं आखडलेली. हे जिने लहानपणापासून पाहिलंय तिने नोकरीसाठी शिक्षक व्हावं यात कमीपणा कसला? नोकरीच्या गरजेने आलेले शिक्षक सहसा वेळेवर येतात, रजा जपून घेतात, काम सोडून जात नाहीत. हे कारण खडतर दिवसांत माणसाला उभं ठेवतं. मात्र ते शाळेच्या दारापर्यंत पोचवतं, वर्गात काय करायचं ते सांगत नाही. सरकारी जागा लवकर निघाली नाही आणि मध्ये तीन-चार वर्षं खाजगी शाळेत किंवा अतिथी शिक्षक म्हणून मानधनावर काढावी लागली, तर नुसत्या याच कारणावर आलेली माणसं कडवट होतात. तेवढं लक्षात ठेव.

भावाच्या बोलण्याचा राग मानू नकोस. माझ्या एका सहकाऱ्यांचं सांगते. त्यांना फौजेत जायचं होतं. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आहे, त्यामुळे इकडच्या गावागावांत पहाटे रस्त्याने पळणारी पोरं दिसतात, त्यांतलेच ते एक. मेडिकलमध्ये बाद झाले. घरात कोणीतरी बी.एड.चा फॉर्म आणून दिला, डिग्रीला इंग्रजी होतं म्हणून इंग्रजीची मेथड घेतली, आणि पहिली नेमणूक मिळाली ती खानापूर तालुक्याच्या पार पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला. तिकडचा पाऊस म्हणजे दिवसच्या दिवस सूर्य नाही. ओढे भरले की वाड्यांवरची मुलं येत नाहीत, वर्गात सहा-सात डोकी उरतात. अशा एका दिवशी सर सहावीतल्या एका मुलाच्या शेजारी जाऊन बसले. मुलगा इंग्रजीचा धडा घडाघडा म्हणत होता, एक शब्द चुकत नव्हता. पण त्याचं बोट एक ओळ मागे होतं. सरांनी तळहाताने पान झाकलं आणि बोटांच्या फटीतून मधलाच एक शब्द दाखवला. मुलगा गप्प. दुसरा दाखवला. गप्प. ‘कॅट’ दाखवला, तेव्हा त्याने वर सरांच्या तोंडाकडे पाहिलं, ओठांवरून काही कळतंय का म्हणून. अख्खा धडा त्याने शेजारच्याचं ऐकून पाठ केला होता. वाचता त्याला येतच नव्हतं, आणि वर्षानुवर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तोपर्यंत या गृहस्थांना शिकवण्यात काडीचा रस नव्हता, हे ते स्वतःच सांगायचे. त्या दिवसापासून त्यांना एकच प्रश्न लागला, की हा मुलगा नेमका कुठे अडला? बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी अक्षरं केली, नावांऐवजी आवाज शिकवायला लागले. ‘सी, ए, टी’ म्हणत बसलं तर त्यातून ‘कॅट’ कसा निघणार? ‘क’, ‘ॲ’, ‘ट’ असे आवाज जोडले तर निघतो. दिवाळीपर्यंत तो मुलगा अडखळत का होईना पण स्वतः वाचायला लागला. पुढे आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक त्यांचा वर्ग बघायला यायचे. तर भावाला सांग, दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलेल्या माणसाचंही असं होऊ शकतं. आणि लहानपणापासून टीचरच व्हायचं होतं म्हणणारे काही जण पाच वर्षांत गाइड समोर ठेवून उत्तरं फळ्यावर उतरवायला लागतात, तेही मी पाहिलंय.

सरांच्या मानाबद्दल थोडक्यात. एके काळी गावात तार आली, कोर्टाचा कागद आला, मुंबईहून कंपनीचं पत्र आलं की लोक इंग्रजीच्या मास्तरांकडे धावायचे. तो मान त्या कागदांमुळे होता. आता तेच काम फोन करतो. तुझ्या सरांना तुझ्या काळातही मान होता म्हणतेस, तर तो कशामुळे होता ते जरा आठवून बघ. माझा अंदाज, त्यांनी कोणाला तरी कधीतरी हात दिला असणार. नुसत्या मानासाठी या कामात येऊ नकोस. तो मिळेलच असं नाही, आणि मिळाला नाही की माणूस मुलांकडून वसूल करायला बघतं.

आता त्या हसण्याकडे येते. तुझ्या पत्रात सगळ्यात जड तेच आहे, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

वर्ग हसला आणि ते तुझ्या आत राहून गेलं. मराठी शाळेतून अकरावीला गेलेल्या इथल्या कितीतरी मुलामुलींना हा अनुभव आहे. कालपर्यंत गणित, विज्ञान, इतिहास सगळं मराठीत, आणि एका जूनमध्ये सगळं इंग्रजीत. त्यात मूल मठ्ठ ठरत नाही, घाबरतं. आणि घाबरलेलं मूल मठ्ठ दिसतं. अशा चटक्यातून आलेले दोन तऱ्हेचे शिक्षक मी पाहिलेत. एका तऱ्हेचे आठवीच्या मुलाला पहिल्याच दिवशी उभं करतात, ‘टेल युअर नेम’ म्हणतात, वर्गात मराठी शब्द निघाला तर दंड लावतात. आम्हाला कोणी सोडलं नाही, मग तुम्हाला का सोडू, असं त्यांच्या आत कुठेतरी चाललेलं असतं. इंग्रजी येत असल्यामुळे आज आपण खुर्चीत आहोत, हे त्यांना रोज नव्याने दाखवावं लागतं. यांना आपण क्रूर आहोत असं वाटत नाही. मुलांच्या भल्यासाठीच करतोय असं त्यांना वाटतं, म्हणून तर ते सुधारत नाहीत.

दुसऱ्या तऱ्हेच्या शिक्षकाला वर्गात पाय टाकताच दिसतं की कुठल्या बाकावरची मान खाली गेली. तो ओळख करून द्यायला सांगतोच, कारण कधीतरी बोलायला लागणारच आहे. पण आधी स्वतःची ओळख सांगतो, वाक्यं फळ्यावर लिहितो, सगळ्या वर्गाकडून एकदम म्हणवून घेतो, मग शेजारच्या शेजाऱ्याला सांगायला लावतो, आणि शेवटी ज्याला उभं राहावंसं वाटतं त्याला उभं करतो. बिचकणाऱ्या मुलीची पाळी चौथ्या-पाचव्या दिवशी येते, तोवर ती तेच वाक्य वीसदा बोललेली असते. यात दयामाया दाखवायची म्हणून काही नाही. भाषा अशीच येते.

तू यातली कोण होशील हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण एक कर. एका कागदावर लिही, त्या दिवशी त्या लेक्चररनी काय केलं असतं म्हणजे तू दोन वाक्यं बोलली असतीस? ‘हसणाऱ्यांना रागवायला हवं होतं’ एवढंच सुचलं, तर चटका अजून ओला आहे. ‘आधी एक नमुना द्यायला हवा होता’, ‘बसल्या जागी बोलू द्यायला हवं होतं’, ‘नाव माझं मीच सांगितलं असतं, गाव विचारल्यावर अडले’ असं बारीक काही सुचायला लागलं, तर त्या चटक्यातून तुझ्यात शिक्षक तयार होतोय.

शेजारच्या काकांचा मुद्दा मी हलका मानत नाही. 1956 साली राज्यांच्या फेररचनेत हा भाग आजच्या कर्नाटकाकडे गेला, तेव्हापासून इथल्या मराठी माणसाच्या मनात जे आहे त्यातून ते बोलतायत, आणि मराठी शाळांचे रिकामे होणारे वर्ग पाहून माझ्याही पोटात कालवतं. पण शाळा रिकाम्या का होतात ते बघ. कर्नाटकात 2007-08 पासून सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही, असा निकाल 2014 साली सुप्रीम कोर्टाने कर्नाटकाच्याच खटल्यात दिला. इंग्रजी माध्यमाची व्हॅन आता गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. त्या व्हॅनमध्ये मुलाला बसवणारी आई मराठीवर रागावलेली नसते. तिला भीती असते, की मराठी शाळेत घातलं तर माझ्या पोराला इंग्रजी येणार नाही आणि ते पुढे माझ्यासारखंच राहील. ही भीती भाषणांनी जात नाही. मराठी शाळेतल्या सातवीच्या मुलीने घरी येऊन औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचून दाखवलं, की जाते. म्हणजे काकांची मराठी शाळा टिकायची असेल तर तिथे आज सगळ्यात जास्त गरज चांगल्या इंग्रजी शिक्षकाची आहे. काकांना हे माझं नाव घेऊन सांग.

हे काही नवं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर, ज्यांनी मराठी गद्याला धार आणली, ते रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलातली नोकरी सोडून पुण्याला आले आणि टिळक, नामजोशी यांच्यासोबत जानेवारी 1880 मध्ये शाळा काढली. तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. मराठीत ज्ञानपीठ मिळालेले चौघे लेखक आहेत, त्यांतले दोघं, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे, पोटापाण्यासाठी इंग्रजी शिकवत होते. कन्नडातही तसंच, वि. कृ. गोकाक आणि यू. आर. अनंतमूर्ती दोघंही ज्ञानपीठाचे मानकरी आणि दोघंही इंग्रजीचे प्राध्यापक. गोकाक तर सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे प्राचार्य होते. इंग्रजी शिकवल्याने यांची आपली भाषा सुटली नाही.

इथे आणखी एक सांगून टाकते, काहींना आवडणार नाही. ‘कन्नड नको, त्यापेक्षा इंग्रजी बरं’ म्हणून इंग्रजीला कवटाळणारे लोक आपल्यात आहेत. टीचर व्हायला हे कारण वाईट आहे. सीमेचं भांडण सहावीतल्या पोराच्या दप्तरात टाकू नये. त्याच्या आजोबांच्या शेताची पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, कन्नडात निघते, बसची पाटी कन्नडात असते, बापाच्या कामाच्या ठिकाणी निम्मी माणसं कन्नड बोलतात. त्याला तिन्ही भाषा लागणार आहेत. इंग्रजी शिकवणाऱ्याने दुसऱ्या कुठल्याही भाषेबद्दल मुलाच्या मनात आकस भरू नये. भरला की एक दार आपणच लावून घेतो.

आता मला जे खरोखर खटकलं ते. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तू आहेस, आई आहे, भाऊ आहे, सर आहेत, काका आहेत, गाव आहे. मूल कुठेच नाही. ज्याला शिकवायचंय ते अजून तुझ्या डोळ्यांसमोर आलेलं नाही. यात तुझा दोष नाही, तू अजून वर्गात गेलीच नाहीस. पण इंग्रजीच्या शिक्षकाला वर्षानुवर्षं धरून ठेवतं ते एकच कारण मला माहीत आहे, आणि ते तिथेच सापडतं: हे मूल इथे का अडलं, याची उत्सुकता. कणकुंबीकडच्या त्या सरांना तेच सापडलं.

आणि या बाबतीत तुझ्याकडे जे आहे ते बाहेरून आलेल्या फाडफाड इंग्रजीवाल्याकडे नाही. मराठी मूल ‘टू मी टू ब्रदर्स आर’ असं लिहितं तेव्हा तो तांबडी रेघ मारील. तुला मात्र त्या वाक्याखाली ‘मला दोन भाऊ आहेत’ हे स्वच्छ दिसेल, कारण तूही कधीतरी तसंच लिहिलं असशील. ‘मला कळतंय’ डोक्यात असलेलं मूल ‘आय ॲम नोइंग’ म्हणणारच. आपला एकच ‘व’ इंग्रजीच्या दोन अक्षरांचं काम करतो, म्हणून ओलं या अर्थाचा ‘वेट’ आणि जनावरांच्या डॉक्टरचा ‘वेट’ त्याच्या तोंडी एकच होतात. एकात ओठांचा चंबू करायचा आणि दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, हे कोणी तोंड दाखवून सांगितलं तर दहा मिनिटांत जमतं. त्याच बाकावरचं कन्नड घरातलं मूल ‘बस्सु’, ‘बुक्कु’ म्हणेल, कारण त्याच्या बोलीत शब्दाला शेवटी स्वर लागतो. पाठ्यपुस्तकात प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक देवनागरी लिहिलेली असेल, ‘क्नाइफ’, ‘वाल्क’ अशी. ती खोडायला लावू नकोस, वाच. मुलाने कुठला नियम लावला आणि तो कुठे फसला, ते तिथे लिहिलेलं असतं. ‘क्नाइफ’ लिहिणाऱ्या पोराने अक्षर न् अक्षर मन लावून वाचलेलं आहे. त्याला शाबासकी द्यायची आणि मग सांगायचं, इथला पहिला ‘के’ लिहायचा, बोलायचा नाही.

हे वाचताना तुला कंटाळा आला का? की वाटलं, अरे, आणखी कुठे-कुठे असं होत असेल? बी.ए.ला शेक्सपिअर आणि वर्ड्स्वर्थ आवडले म्हणून टीचर झालेली माणसं इथेच निराश होतात. त्यांना कवितेवर बोलायचं असतं आणि समोर ‘इज’ आणि ‘आर’च्या चाळीस वह्या असतात. साहित्याची आवड असू दे, ती तुला आतून ओली ठेवील. पण सहावी ते दहावीच्या वर्गात रोजचं काम वह्यांचं असतं, आणि त्यातच गोडी लागायला हवी.

म्हणून फी भरण्याआधी एवढं कर. गावातल्या आपल्याच शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट, पाचवी-सहावीच्या इंग्रजीच्या तासाला मागे बसू द्या म्हणून विनंती कर. माजी विद्यार्थिनीला नाही म्हणणार नाहीत. सुट्टी असेल तर गल्लीतली तीन-चार मुलं संध्याकाळी ओट्यावर घेऊन बस. पैसे घेऊ नकोस, म्हणजे परीक्षेची घाई लागणार नाही. रोज एकेकाची एक चूक वहीत लिही आणि खाली लिही, की याच्या डोक्यात काय चाललं असेल. महिनाभराने ती वही तूच वाच. चुका वाचून नुसती चिडचिड होत असेल तर बँकेची परीक्षा पुन्हा दे, त्यातही काही वाईट नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या पोराला काय विचारायचं हे रात्री अंथरुणावर सुचत असेल, तर प्राध्यापकांना द्यायचं उत्तर तुला मिळालं असं समज.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे. सहावी ते आठवीसाठी कर्नाटकाच्या टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो, 150 गुणांचा, खुल्या गटाला त्यात 60 टक्के हवेत. त्यात इंग्रजी विषयाचा वेगळा मोठा पेपर नसतो. दोन भाषांचे तीस-तीस गुण, बालमानसशास्त्राचे तीस, आणि कला शाखेवाल्यांना समाजविज्ञानाचे साठ. त्यामुळे इंग्रजी पक्कं आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, इतिहास-भूगोल उघड. भरतीच्या जाहिरातीत डिग्रीला इंग्रजी कुठल्या प्रकारे घेतलेलं चालतं ते शब्द न् शब्द वाच. 2022 साली कर्नाटकाने पदवीधर प्राथमिक शिक्षकांच्या 15,000 जागांची भरती काढली, तीत इंग्रजी शिक्षकांचा गट वेगळा होता. कन्नड लिहायला-वाचायला शिकून घे. परिपत्रकं, प्रशिक्षणं, कचेरीतलं सगळं कन्नडात चालतं, आणि ते न येणारी शिक्षिका कायम दुसऱ्यावर अवलंबून राहते. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीच्या जाहिरातींवरही नजर ठेव. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांचा उल्लेख त्यांत असतो. आपलं गाव त्या यादीत आहे का आणि रहिवासाचा दाखला कसला लागतो, ते चौकशी करून ठेव. नोकरी लागल्यावर बंगळूरच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशच्या प्रशिक्षणाला जायची संधी आली तर सोडू नकोस. 1963 पासून ती संस्था दक्षिणेतल्या राज्यांच्या इंग्रजी शिक्षकांसाठीच काम करते, आणि तिथून आलेल्या बायांच्या वर्गात मला फरक दिसलेला आहे.

खाजगी शाळेत सुरुवात करावी लागली तर दोन प्रश्न आधी विचार: एप्रिल-मेचा पगार मिळतो का, आणि सही एका रकमेवर करून हातात दुसरीच तर देत नाहीत ना? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट आलं नाही तर तिथे जाऊ नकोस.

आणि आईशी दोन वर्षांच्या खर्चाचं आत्ताच बोल. फी, बसचा पास, पुस्तकं, सगळं एका कागदावर मांडून दाखव. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या कामगार कल्याण खात्याची शिष्यवृत्ती आहे, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात. बी.एड.ला ती यंदा कशी लागू होते, ते पोर्टलवरच्या नियमांत वाच. त्यासाठी आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. ते काढलंय का, आणि त्यावरचं नाव तुझ्या कागदपत्रांशी जुळतं का, हे आजच बघून घे. दुरुस्तीला वेळ लागतो.